अठ्ठावीस दातांचा सेनापती

आधीच सांगून ठेवतो, मी हसत नाहीये. माझं तोंडच असं आहे.

मी राक्षसांचा सेनापती. उंची चार बोटं, हातात कुऱ्हाड, पाठीवर फाटका झगा, आणि तोंडात एका ओळीत बसवलेले अठ्ठावीस नीटनेटके दात. शाळेच्या वार्षिक फोटोत मुख्याध्यापक हसतात ना, अगदी तसे.

माझा जन्म चार खोक्यांतून झाला. धड एका दैत्याचं, डोकं दुसऱ्या खोक्यातल्या राक्षसाचं, डावा हात सांगाड्याचा. उजवा कुणाचा, ते माझ्या मालकिणीलाही आठवत नाही. टेबलावर खेळायच्या लढायांसाठी ती प्लास्टिकची सैन्यं जोडते आणि रंगवते. "खोक्यावरच्या चित्रासारखंच करायचं, तर मग माणसाचा उपयोग काय?" असं ती इतक्या आवेशाने विचारायची, की जणू समोर सभा भरली आहे. समोर मी एकटाच असायचो, आणि मला तेव्हा डोकं बसलेलं नव्हतं.

ते तिने मानेत केसाएवढी तार घालून बसवलं. झगा कणकेसारख्या मऊ पुटीचा केला आणि थुंकी लावलेल्या बोटाने गुळगुळीत केला. माझ्या राजवस्त्रात मालकिणीची थुंकी आहे. सांगा, कुठल्या राजाला हा मान मिळतो? शेवटी टाचण्यांची टोकं तोडून चार सुळे लावले. काय दिसत होतो मी! स्वतःलाच घाबरायचो.

टेबलाचा पलीकडचा अर्धा भाग तिच्या बाबांचा. त्यांनी चाळीस वर्षं कवळ्या केल्या. मग हात थरथरायला लागला आणि दातांच्या डॉक्टर मंडळींनी सगळी कामं मशीनवाल्यांकडे वळवली. तरी रोज दहाच्या ठोक्याला ते एप्रन बांधून यायचे, हत्यारं पुसायचे, जागेवर ठेवायचे आणि पेपर वाचत बसायचे. टेबलाच्या मधोमध पिवळी चिकटपट्टी त्यांनीच लावली होती.

"तुझ्या बाहुल्या पट्टीच्या पलीकडे ठेव."

"बाबा, बाहुल्या नाहीत. सैन्य आहे."

"मग सैन्याला सांग, पलीकडे."

दोन वर्षं खपून तिने आम्हा चाळीस जणांचं सैन्य उभं केलं. रविवारी स्पर्धा होती. रंगकामाला वेगळे गुण होते, आणि नियम एकच: सगळं काम स्पर्धकाच्या स्वतःच्या हातचं हवं. तिला तो नियम पाठ होता. तिचा जीवच होता त्या नियमावर.

शुक्रवारी ती स्पर्धेच्या हॉलवर टेबलं मांडायला गेली, आणि तिच्या आईने फडकं हातात घेतलं. मी तोंडावर आपटलो. चारही सुळे तुटले आणि केरात गेले.

"मारतेय आता ती मला," आई पुटपुटल्या, आणि मला सुचेल तिथे ठेवून मोकळ्या झाल्या. ती जागा पट्टीच्या पलीकडची होती.

बाबांनी पेपर खाली केला. भिंग लावलं. समोर उघडं, बोळकं तोंड. चाळीस वर्षांची सवय हो, माणूस करणार काय?

"वय काय याचं?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं?"

"पेशंटचं."

आईंनी खोकं पाहिलं. "नऊशे लिहिलंय."

"मग पांढरेशुभ्र शोभायचे नाहीत. जरा पिवळट घेऊ."

मनगट टेबलाच्या कडेवर दाबून, श्वास रोखून, ते एकेक दात कोरून बसवत गेले. दात तिळाहून बारीक. अकरा खाली सांडले, ते गुडघ्यांवर बसून शोधून काढले. चौदा वर, चौदा खाली, शिवाय गुलाबी हिरड्या. उजवीकडची दाढ त्यांनी मुद्दाम घासून झिजवली. "या वयात झिजणारच," ते स्वतःशीच म्हणाले.

संध्याकाळी मालकीण आली आणि किंचाळली. "बाबा! हा राक्षस आहे! माणसं खातो हा!"

"मग चावायला नको? नुसत्या सुळ्यांनी खाऊन पोटाचं वाटोळं होईल त्याचं."

तिने रंग उतरवायच्या औषधाची बरणी उघडली. आत आधीच दोन सैनिक टक्कल पडून बुडालेले होते. मला पायाला धरून तिने बरणीवर उलटं लटकवलं. खरं सांगतो, नऊशे वर्षांचं शौर्य त्या वासानेच संपलं.

बाबा नळाखाली हत्यारं धूत होते. मान न वळवता म्हणाले, "काढ हवं तर. खालची ओळ तेवढी बघून घे आधी. बरी जमलीये."

त्यांच्या हातातली हत्यारं एकमेकांवर आपटून किणकिणत होती. बराच वेळ. मग तिने झाकण लावलं, मला बाहेर ठेवून.

रविवारी फॉर्मवर 'सर्व काम माझे आहे' या ओळीखाली सही करायची होती. तिने त्या जागी लिहिलं: 'दात बाबांचे.'

"अहो ताई, दात कोण विचारतंय?" पंच म्हणाले. "सही करा आणि व्हा पुढे."

"त्यांचे आहेत, तर त्यांचेच लिहिणार."

"मग रंगकामाला शून्य."

"लिहा शून्य." दोन वर्षं गेली त्या एका शब्दात. तिचे कान लाल झाले होते. मागे पाण्याची बाटली धरून उभे असलेले बाबा छताकडे बघत राहिले.

समोर प्रतिस्पर्धी म्हणून भूमितीच्या निवृत्त बाई. अर्ध्या मिलिमीटरवरून भांडणाऱ्या. मी दुसऱ्याच फेरीत मेलो. हसत मेलो, कारण तोंड मिटत नाही. बाईंनी मला बाजूला ठेवायला उचललं आणि उचललेलंच ठेवलं.

"हे दात कुणी बसवले? मागची दाढ झिजलेली आहे!"

"नऊशे वर्षांचा आहे तो," मागून बाबा म्हणाले.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, रुमाल तोंडाशी नेला आणि आपली खालची कवळी काढून थेट रणांगणावर, पडक्या बुरुजाशेजारी ठेवली. "टोचते हो. मशीनवाल्यांनी तीनदा घासून दिली."

"डावीकडे?"

"डावीकडेच!"

बाबांनी मनगट रणांगणाच्या कडेवर दाबलं. "पाच मिनिटं युद्ध थांबवा," ते म्हणाले. दोन्ही सैन्यं खोळंबली. असा किल्ला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

आता मी पिवळ्या पट्टीच्या बरोब्बर वर उभा असतो. पलीकडे बाईंच्या ओळखीतले पेशंट येतात. कुणी मला हातात घेतलं, तर माझी एवढीच विनवणी आहे: दाढ बघा, खुशाल हसा, पण ती बरणी माझ्या नजरेसमोर उघडू नका.

काल मालकिणीने आमच्यातला एक सैनिक पट्टीवरून अलगद पलीकडे सरकवला. आ वासलेला, बोळका.

बाबांनी भिंग लावलं. "वरची, खालची, की पूर्ण?"

"पूर्ण," ती ब्रश धुता धुता म्हणाली. "पण बाबा, हा तरुण आहे. सातशेचाच."