इंग्रजीची कसर

मंगळवारी सकाळी तृप्ती पोळ्या लाटत होती आणि तोंडातल्या तोंडात नाऊन, प्रोनाऊन, व्हर्ब, ॲडव्हर्ब घोकत होती. तिची आई झुंबरबाई तव्यापाशी उभी होती. त्या माउलीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण लेकीचं घोकणं थांबलं की ती दचकून मान वळवायची.

"थांबली का गं?"

"आई, श्वास तर घेऊ दे. आज बाई कॉमा आणि फुलस्टॉप विचारनार हायेत."

"बाई विचारू दे नायतर नको. शनवारी काकासाहेबांम्होरं अडखळू नको म्हंजे झालं. ह्या टायमाला तेवढी पास हो."

हे काकासाहेब म्हणजे नाशिकचे वाल्मीकराव. निवृत्त शिक्षक, पांढराशुभ्र सदरा, बोलणं मधाळ. सामुदायिक विवाहाचा मांडव पडला की हुंड्याविरुद्ध भाषण करायला यांनाच बोलावणं जायचं. त्यांचा पुतण्या अमित इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला होता. ही गोष्ट नव्याण्णव सालची. तेव्हा अमेरिकेतला मुलगा म्हटलं की आमच्याकडे मुलीचे बाप चपला न घालताच धावत सुटायचे. तृप्तीचे वडील धनराजशेठ लासलगावच्या बाजारात कांद्याचे अडते. तेही धावले.

वाल्मीकरावांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "धनराजशेठ, आम्हाला हुंडा नको. त्या शब्दाचाच आम्हाला तिटकारा आहे. मुलगी तिकडे जाऊन चार लोकांत बोलली पाहिजे, एवढंच. तुमची तृप्ती बारावी झालेली आहे, हुशार आहे. नाशकात द्वारकेच्या चौकाजवळ एक क्लास आहे, तिथं घाला. मी अधूनमधून परीक्षा घेईन. पास झाली की सुपारी फोडू."

धनराजशेठ घरी आले ते डोळ्यांत पाणी घेऊनच. अशी माणसं हल्ली कुठं राहिलीत, असं त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकवलं.

पहिल्या परीक्षेत तृप्ती नापास झाली. वाल्मीकराव धनराजशेठना गॅलरीत घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "मुलगी चांगली आहे, पण जरा कच्ची आहे. अमितला तिच्यावर मेहनत घ्यावी लागणार. तेव्हा तिकडच्या घरात सामान तरी तुमच्याकडून असावं, असं वहिनींचं म्हणणं." दुसऱ्या परीक्षेनंतर अमितच्या आईला घरी गाडी हवी असल्याचं निघालं. दोन्ही वेळा धनराजशेठनी मान डोलावली, आणि त्यात त्यांना वावगंही वाटलं नाही. ओल्या कांद्याला वजनात घट धरायची, हा त्यांचा रोजचा व्यवहार. लेकीच्या इंग्रजीतही ओल आहे, तेव्हा घट द्यावीच लागणार, असा त्यांनी सरळ हिशेब केला. लेक आणि कांदा यांत काही फरक असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तृप्तीच्या मनात मात्र पाल चुकचुकली होती. वाल्मीकराव प्रश्न विचारायचे तेव्हा तिच्याकडे बघायचेच नाहीत. अडकित्त्यानं सुपारी कातरत राहायचे, आणि तिचं उत्तर पुरतं व्हायच्या आतच मान नाही म्हणून हलायची. एकदा तिनं मुद्दाम उत्तर दिलंच नाही, नुसते ओठ हलवले. तरी मान तशीच हलली. त्या दिवसापासून एस्टीत खिडकीशी बसली की तिला एकच विचार छळायचा. हे परीक्षा घेतात ती मला पास करायला, की नापास करायला?

आईजवळ बोलली तर आई म्हणाली, "थोरामोठ्यांवर असा संशय घेऊ नये, पाप लागतं." मग ती गप्प बसली. पण संशय काही दटावल्यानं जात नाही.

त्या मंगळवारी क्लासमध्ये कुलथे बाईंनी कॉमा-फुलस्टॉप बाजूला ठेवले आणि ॲडजेक्टिव्ह घेतलं. "नाम एकटं उभं राहतं, विशेषण त्याला रंगरूप देतं. आता प्रत्येकीनं अलीकडे पाहुणी म्हणून गेलेल्या एखाद्या घराचं वर्णन करायचं. चुकलं तरी चालेल, थांबायचं नाही."

शेवटच्या बाकावरची मीना उभी राहिली. नामपूरची मुलगी, बोलणं अहिराणी. तृप्तीच्या नंतर क्लासला लागली होती, मावशीकडे राहायची, फारशी कुणात मिसळायची नाही.

"द हाउस इज बिग," मीना म्हणाली. "देअर इज अ स्विंग. इट हॅज यलो चेन." पितळेला शब्द सापडेना म्हणून तिनं पिवळ्यावर भागवलं. "देअर इज अ बिग फोटो. अ बॉय विथ अ रेड कार. ॲन ओल्ड मॅन इज कटिंग..." ती अडली. "बाई, सुपारीला काय म्हनतात?"

वर्ग हसला. तृप्ती हसली नाही. पितळी कड्यांचा झोपाळा, लाल गाडीला टेकून उभ्या मुलाचा फोटो आणि सुपारी कातरणारा म्हातारा. हे घर ती ओळखत होती. पहिला संशय तिनं मीनावरच घेतला. ही कुणाची हेर तर नसेल? माझ्यावर नजर ठेवायला पाठवली असेल का?

क्लास सुटल्यावर तिनं मीनाला जिन्यातच अडवलं.

"ते घर कुनाचं गं?"

मीनानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुले काय करनं?"

"वाल्मीकरावांचं हाय ना?"

मीनाचा चेहरा उतरला. "तुले कसं माहीत?"

"कारन शनवारी माझी परीक्षा हाय तिथं."

"मनी परीक्षा रविवारले शे," मीना म्हणाली, आणि दोघी जिन्याच्या पायरीवर बसल्या. खाली द्वारकेच्या चौकात ट्रक एकमेकांवर भोंगे वाजवत होते. दोघींनी सगळं एकमेकींना सांगितलं. मीनाच्या वडिलांनाही गॅलरीत नेलं जात होतं. त्यांनाही हुंडा नकोच म्हणून सांगितलं होतं. सामान त्यांनीही कबूल केलं होतं, गाडीही.

"मना बाप भोळा शे," मीना डोळे पुसत म्हणाली. "त्याले हे कळनं ना, तो त्या म्हाताऱ्याले सोडनार नई."

"माझे आण्णा तर बाजारात कुनाचं ऐकून घेत नाय. त्यांना कळू दे फक्त."

मग दोघींनी ठरवलं. आधी घरी काही बोलायचं नाही, नाहीतर समजूत घालून गप्प बसवतील. मीनानं वडिलांना निरोप धाडला, परीक्षा शनिवारीच आहे.

शनिवारी वाल्मीकरावांच्या दिवाणखान्यात धनराजशेठ आणि तृप्ती बसले होते. पोह्यांच्या बश्या नुकत्याच आल्या होत्या. तेवढ्यात दार वाजलं, आणि मीना तिच्या वडिलांना घेऊन आत आली. सावळीराम पाटील, डोक्यावर टोपी, हातात डाळिंबांची पिशवी.

"हे कोन?" धनराजशेठनी विचारलं.

तृप्ती उभी राहिली. तिचा आवाज स्वच्छ निघाला. "आण्णा, ही मीना. हिचं पन अमितशीच ठरतंय. हिची पन परीक्षा घेतात. हिला पन दर वेळेला नापास करतात आन तिच्या वडलांकडून मागून घेतात. दोघींना झुलवत ठेवलंय यांनी."

वाल्मीकराव घाबरले असतील असं तुम्हाला वाटेल. छे! त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"यात लपवण्यासारखं काय आहे? सुपारी फुटलेली नाही. मुलाकडचे लोक चार घरं बघतातच. बरं झालं, दोघी एकदम आल्या. खरं सांगू का, दोघींचं इंग्रजी सारखंच आहे. मुलींकडून काही निकाल लागेल असं दिसत नाही. आता तुम्ही दोघे जाणते आहात, काय ते तुम्हीच बघा."

तृप्ती वडिलांकडे बघत राहिली. आता आण्णा उठतील, आता यांची गचांडी धरतील. धनराजशेठनी हात गुडघ्यावर ठेवला, पुढे झुकले, घसा खाकरला आणि म्हणाले, "काकासाहेब, द्वारकेजवळचा आपला प्लॉट हाय. सोमवारी अमितरावांच्या नावावर करून टाकू."

सावळीराम पाटलांनी डाळिंबांची पिशवी खाली ठेवली. "आम्ही बी मांगे राहनार नई. नासिकले बांधेल घर देऊत."

"बांधलेलं घर जुनं असतंय. आपला प्लॉट रोडला टच हाय," धनराजशेठ म्हणाले.

दोघी मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. इतके दिवस दोघींनी सगळ्या जगावर संशय घेतला होता, या दोन बापांवर तेवढा घ्यायचा राहून गेला होता. मीनानं तोंडात पदर कोंबला. तृप्तीला रडू आलं नाही. संताप आला, इतका की कानशिलं तापली.

"आण्णा, उठा."

"बस गं, मी बोलतोय ना."

"उठा म्हनते. मला या घरात यायचं नाय. प्लॉट द्या नायतर अख्खा बाजार लिहून द्या, मी येनार नाय."

"पोरी, डोकं ठिकाणावर ठेव," वाल्मीकराव अजूनही गोडच बोलत होते. "लग्न मोडलेल्या मुलीला पुढं कोण विचारतं? उद्या गावभर होईल."

"होऊ द्या. पन नीट सांगा लोकांना. तुम्ही मोडलं नाय, तृप्तीनं मोडलं. पुढच्या मांडवात माइकवर सांगा. मी समोर बसते ऐकायला."

मीना वडिलांच्या अंगावर ओरडली, "आबा, चाल! मी बी येनार नई." तिनं डाळिंबांची पिशवी उचलली, यजमानांना तिथं एकही फळ ठेवलं नाही, आणि दोघी जिना उतरून गेल्या. मागून दोन बाप उतरले. खाली रस्त्यावर आल्यावर त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

पुढं व्हायचं ते झालं. धनराजशेठ कितीतरी दिवस लेकीशी बोलले नाहीत. बाजारात कुजबुज झाली, पोरगी इंग्रजी शिकली आणि हाताबाहेर गेली. एक चांगलं स्थळ दारातूनच परत गेलं. वाल्मीकरावांचं मात्र काही अडलं नाही, त्या हंगामातही त्यांची भाषणं झाली आणि टाळ्याही पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत तुम्ही-आम्हीच होतो, दुसरं कोण असणार?

क्लास सोडायचं तृप्तीनं ठरवलं होतं. पण एका सकाळी झुंबरबाईनं न बोलता तिचा डबा भरला.

"आता कशाला? परीक्षा तर नाय," तृप्ती म्हणाली.

"मला ते प्रोनाऊन का काय ऐकायची सवय झाली. घर सुनं वाटतं." मग तिनं नजर चुकवली. "आन तुझं बरोबर होतं. मीच पाप लागतं म्हनाले. तुझ्या बापाशी मी बघून घेते, तू जा."

तृप्ती गेली. मीनाही आली, मावशीशी भांडून. दोघींनी मिळून एक काम अंगावर घेतलं. क्लासला कुणी नवी मुलगी आली की तिला जिन्यात गाठायचं आणि विचारायचं, तुला इथं कुणी पाठवलं? कुणाला नोकरीसाठी यायचं असे, कुणाला पुढं शिकायचं असे. मग दोघी हायसं वाटून तिला व्हर्बची उजळणी करून द्यायच्या.

जूनमध्ये सिन्नरकडची एक मुलगी आली. नवी कोरी पिशवी, केसांत गजरा, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"कुनी पाठवलं तुला?" तृप्तीनं विचारलं.

"होणाऱ्या सासरच्यांनी," ती लाजत म्हणाली. "फार चांगली माणसं आहेत. म्हणाले, हुंडा नको, मुलीला फक्त इंग्रजी आलं पाहिजे. पास झाले की लग्न."

मीनानं तृप्तीचा हात घट्ट धरला. "नाव काय शे त्यांचं?"

मुलीनं अभिमानानं नाव सांगितलं. ते वाल्मीकरावांचं नव्हतं. दोघींनी ते आधी कधी ऐकलेलंही नव्हतं.