खाकी पट्टीखालची गल्ली

मित्रांनो, नकाशाने खोटं बोलू नये, एवढा एकच नियम आमच्या कुळाला असतो. तो मी मोडला. तोही एकदा नाही, तब्बल पस्तीस वर्षं, गप्प बसून! त्यामुळे बाकीच्या जुन्या वस्तूंसारखं छाती पुढे काढून मला माझी गोष्ट सांगता येत नाही. आणि तसंही मला छाती कुठली? मी सोळा घड्यांचा, टेबलभर पसरणारा, एका मोठ्या शहराचा कागदी नकाशा. वय पन्नास.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. रस्ते काळे, नदी निळी, बागा हिरव्या आणि मोकळी मैदानं फिक्या तपकिरी रंगाची. मागच्या बाजूला शहरातल्या सगळ्या रस्त्यांची यादी आणि उरलेल्या जागेत जाहिराती. शाई वाळायच्या आत मला गर्व चढला होता. शेजारच्या गठ्ठ्यात पाककृतींची पुस्तकं होती. त्यांना मी म्हणायचो, "तुमचं मीठ चुकलं तर भाजी बिघडते. मी चुकलो तर माणूस हरवतो!" तेव्हा मला वाटायचं, ही फुशारकी आहे. पुढे कळलं, ती ताकीद होती.

स्टेशनबाहेरच्या दुकानातून मला एका बावीस वर्षांच्या तरुणाने विकत घेतलं. त्याच्या एका खांद्यावर हत्यारांची पिशवी होती आणि डोळ्यांत अख्खं शहर मावेल एवढं कुतूहल. तो कुलपं बनवायला आणि दुरुस्त करायला शिकत होता. पहिले आठ दिवस त्याने मला इतक्या वेळा उघडलं-मिटलं, की माझ्या घड्या मऊ पडल्या. महिन्याभरानंतर त्याला माझी गरजच उरली नाही. ज्या हाताने तो किल्लीचे दाते लक्षात ठेवायचा, त्याच हाताने त्याने रस्तेही पाठ केले होते. एकदा एका गल्लीवर बोट ठेवून तो आपल्याशीच म्हणाला, "इथे आज माझं पहिलं कुलूप बसलं." पायऱ्यांची गल्ली. माझ्या अगदी मधोमध, घंटाघराच्या मागे.

दोन वर्षांनी तो आपल्या लहान गावी परतला. तिथे त्याने कुलूप-किल्ल्यांचं दुकान टाकलं, लग्न केलं, त्याला मुलगा झाला. मी कपाटात गेलो. "नकाशाला कुणी हात लावायचा नाही," असा घरात दंडक होता. मला तो फार आवडायचा. आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

आता लाजेची गोष्ट. मुलगा दहा वर्षांचा असताना एका दुपारी त्याने मला चोरून अंगणात नेलं. त्याला कप्तान व्हायचं होतं आणि कप्तानाला नकाशा लागतोच! वारा आला, त्याने मला घट्ट ओढलं, आणि जिथे चार घड्या एकमेकींना भेटतात तिथेच मी फाटलो. टपाल तिकिटाएवढा तुकडा निसटला आणि भुर्रकन उडून गेला. पोरगं रडकुंडीला आलं. मग त्याने पार्सलवर लावतात ती खाकी पट्टी आणली, पुढून एक आणि मागून एक तुकडा चिकटवला आणि मला किल्ल्यांच्या जड डब्याखाली चेपून ठेवलं.

आणि मला काय वाटलं असेल? बरं वाटलं! पट्टीचा रंग माझ्या मैदानांच्या रंगाशी असा जुळला, की भोक मलाही दिसेनासं झालं. आम्ही दोघांनी मिळून ते लपवलं. मुलगा काही दिवस बापाच्या पावलांच्या आवाजाने दचकायचा. पण बापाने मला उघडलंच नाही. मुलगा मोठा झाला आणि विसरून गेला. मी मात्र विसरलो नव्हतो.

दिवस गेले, वर्षं गेली. तो तरुण आता बहात्तर वर्षांचे आजोबा झाला. मुलगा झाला बाबा. घरात आई आली, मग सतत गिरक्या घेणारी थोरली मुलगी भिंगरी आणि तिचा धाकटा भाऊ टिल्लू. आजोबा अजून रोज दुकानात बसायचे. दुकानाच्या चाव्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असायचा, आणि ते चालायला लागले की घरभर किणकिण व्हायची.

मागच्या महिन्यात एका रविवारी जेवणं झाल्यावर बाबांनी जाहीर केलं, "पुढच्या शनिवारी मोठ्या शहरात जायचं. सकाळची गाडी, रविवारी संध्याकाळी परत."

मग काय विचारता! कपाट उघडलं आणि कित्येक वर्षांनी मी टेबलावर पसरलो. भिंगरीने हाताने मला सपाट करत नियम सांगितला, "जाण्या-येण्यातून चार वेळा उरतात. शनिवार दुपार, शनिवार संध्याकाळ, रविवार सकाळ, रविवार दुपार. प्रत्येकाने आपल्या जागेवर एकेक बटण ठेवायचं."

"आपण पाच आहोत," आई म्हणाली.

"ते नंतर बघू. आधी भांडण कशाला?"

आईच्या शिवणाच्या डब्यातून बटणं आली. टिल्लूने लाल बटण मत्स्यालयावर आपटलं. भिंगरीने निळं बटण सर्वांत उंच इमारतीवर ठेवलं. बाबांचं काळं बटण रेल्वेच्या संग्रहालयावर गेलं. आईने पांढरं बटण एका बागेवर ठेवलं आणि म्हणाली, "मला फक्त बाकावर बसायचंय. आणि तासभर कुणीही 'आई' म्हणून हाक मारायची नाही."

"आजोबा, तुमचं बटण?"

"मला कशाला बटण? माझं माझ्याकडे आहे." आजोबांनी खिशातून दाते न कापलेली एक कोरी पितळी किल्ली काढली. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मला कळून चुकलं आता काय होणार. कागदाला पाय असते तर मी टेबलावरून उडी मारली असती. "पायऱ्यांची गल्ली. माझं पहिलं कुलूप. आहे का गेलं, एवढंच बघायचंय. मोठा चौक, डावीकडे घंटाघर, त्याच्या मागे..."

बोट बरोबर आलं. पट्टीवर येऊन थांबलं.

आजोबांनी चष्मा वर केला, खाली केला. "इथे मैदान कसलं? इथे कधी मैदान नव्हतं."

"आजोबा, मैदानात कुलूप कुठे लावलंत? गोलपोस्टला?" टिल्लू म्हणाला आणि सगळे हसले. आजोबाही हसले, पण जरा उशिरा.

भिंगरीने फोन काढला. "फोनमध्येही नाही, आजोबा. पायऱ्यांची गल्ली टाकलं तर लोखंडी जिन्यांचं दुकान दाखवतोय!"

बाबा त्यांना अण्णा म्हणतात. ते हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, दुसऱ्या कुठल्या गावातली असेल. या वयात होते थोडी सरमिसळ."

आजोबांची किल्ली माझ्यावर एक फेरी मारून आली. मग एक छोटी फेरी. आणि मग ती परत खिशात गेली. "असेल, असेल," ते म्हणाले. "बरंच झालं की! चार वेळा, चार माणसं. मी आपला घरीच थांबतो. गुडघे दुखतात."

मित्रांनो, त्या क्षणी कुणी मला चुलीत घातलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं.

पण खरी शिक्षा पुढेच होती. मुलं बॅगा शोधायला गेली. आई आणि बाबा स्वयंपाकघरात गेले, आणि स्वयंपाकघराचं दार कधीच नीट लागत नाही. बाबा म्हणत होते, "परवा एका गिऱ्हाईकाची किल्ली त्यांनी भलत्याच खिळ्याला टांगली. आज ही गल्ली. कुलपांचं काम म्हणजे लोकांच्या घरांचं काम. सहलीहून आलो की दुकानाच्या चाव्या मी माझ्याकडे घेतो."

"अहो, त्यांचा जीव आहे त्या दुकानात," आई म्हणाली.

"माहीत आहे. पण सांगणार कोण? मलाच सांगावं लागणार."

आजोबा टेबलापाशीच बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. कमरेचा जुडगा त्यांनी मुठीत धरला, वाजू नये म्हणून. मग दुसऱ्या हाताने माझी दुमडलेली कड सरळ केली आणि मला म्हणाले, "तुझं बरं आहे बाबा. तुला सगळं आठवतं."

मला! ज्याने त्यांची गल्ली पोटात दडवली होती, त्या मला!

तेवढ्यात भिंगरी परत आली. मघाशी सगळ्यांबरोबर हसली होती ते तिला टोचत असावं, कारण ती आजोबांच्या डोळ्यांकडे न बघता म्हणाली, "मी घडी घालते." तिने मला पालथं केलं. पाठीवरची यादी दिसताच ती घडी घालायचं विसरली आणि बोट फिरवत वाचायला लागली. पाणवठा रस्ता. पायघडी मार्ग. पायऱ्यांची...

"आजोबा! आहे! पायऱ्यांची गल्ली, चौकोन ग-चार!"

अख्खं घर धावत आलं. भिंगरीने मला पुन्हा सुलटं केलं. एक बोट वरच्या 'ग'वर, एक बोट कडेच्या चारवर. दोन्ही बोटं चालत चालत आली आणि मैदानावर एकमेकांना भेटली. तिने नख टेकवलं. पट्टीची कड नखाला लागली.

"बाबा... ही जमीन सुटतेय."

जुना गोंद होता, पापुद्र्यासारखा निघाला. मागचा तुकडाही निघाला. आणि माझ्या मधोमध टेबलाचं लाकूड दिसायला लागलं. सगळ्यांसमोर. तुमच्यापैकी कुणाची फाटकी चड्डी भर वर्गात उघडी पडली असेल, तर त्यालाच माझी अवस्था कळेल.

"हे कुणी केलं?" आईने विचारलं.

"मी नाही!" टिल्लू सवयीने ओरडला.

मी बाबांकडे बघत होतो. त्यांचे कान लाल झाले होते, दहाव्या वर्षी झाले होते तसेच. ते गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. साक्षीदार एकटा मी, आणि मला तोंड नाही. खरं सांगतो, त्यांनी बोलावं असं मला वाटत होतं, आणि बोलू नये असंही वाटत होतं.

"मी केलं, अण्णा," बाबा म्हणाले. "लहानपणी. अंगणात फाटला. तुम्ही रागवाल म्हणून चिकटवला आणि... विसरूनच गेलो. आणि मघाशी तुम्हालाच म्हणालो, सरमिसळ. आत जाऊन तर याहून वाईट बोललो."

"ऐकलं मी," आजोबा म्हणाले.

बाबांनी मान खाली घातली. आजोबा भोकाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतंस तर तुला दोन फटके बसले असते रे. फार तर तीन. ते आज मला बसले."

टिल्लूने आजोबांचा हात धरला. बाबांनी संग्रहालयावरचं आपलं काळं बटण उचललं आणि डब्यात टाकलं. "रविवार सकाळ तुमची. किल्ली ठेवा, अण्णा."

"आणि ती भलत्या खिळ्याला टांगलेली किल्ली? ती चूक माझीच बरं का. ती तुझ्या पट्टीवर ढकलू नकोस."

"खिळ्यांना नंबर लावू. चाव्या तुमच्याकडेच."

आजोबांनी किल्ली माझ्या भोकात ठेवली. ती खालच्या लाकडावर टेकली. भिंगरीने आता फोनमध्ये गल्लीचं नाव न टाकता घंटाघर शोधलं आणि त्याच्या मागचा भाग मोठा करून पाहिला. गल्लीचं नाव कधीच बदललं होतं. पायऱ्या मात्र होत्या.

मलाही सहलीला नेलं, आजोबांच्या कोटाच्या आतल्या खिशात. तिथून मला काहीच दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. पायऱ्या चढताना त्यांची धाप. मग दारावर टकटक. एका बाईंचा आवाज, जरा संशयाने, मग हसून: "कुलूप? आहे की, जुनंच आहे. पण फार अडतं. किल्ली डावीकडे दाबून फिरवावी लागते, तेव्हा कुठे उघडतं."

"डावीकडे नाही, ताई," आजोबा म्हणाले. "वर. किल्ली किंचित वर उचलायची. बघू का?"

कुलपात किल्ली सरकल्याचा आवाज आला. मग खट्! एकदाच, स्वच्छ. बाबांनी श्वास सोडला तो मला कापडातूनही ऐकू आला.

तर मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या कागदांना जपून उघडा, वाऱ्यात ओढू नका, हे तर सांगायचंच आहे. पण फाटलंच, तर फाटलं म्हणून सांगा. रागावणं थोड्या वेळाचं असतं. लपवलेलं भोक मात्र तसंच राहतं, आणि एक दिवस भलत्याच माणसाला त्यात ढकलतं.

मला पुन्हा चिकटवायला बाबा नवी पट्टी घेऊन आले होते. भिंगरीने ती लावू दिली नाही. तिने निळ्या पेनाने भोकाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं आहे: 'इथे नकाशा फाटला आहे. गल्ली आहे.' मला अजून लाज वाटते. पण मला कुणी उघडलं, की सगळ्यांत आधी तेच वाचतात, आणि ते खरं आहे.