लाखीच्या पायांचा ठराव

नालबंद कय्युम नेकनूरहून पहिल्या एस.टी.नं येऊन पोचला, तेव्हा ठराव होऊन गेलेला होता. घोडीचा पाय मात्र अजून कुणी उचलून पाहिला नव्हता.

दूध सोसायटीच्या ऑफिसापुढच्या लिंबाला लाखी बांधलेली होती. बरगड्या दिसत होत्या, पण डोळा जागता होता. सोसायटीची ही सवारीची घोडी. तिच्यावर बसून सोसायटीचा कंपाउंडर आसाराम डोंगरावरच्या पाच वाड्यांत जनावरांची औषधं घेऊन जायचा, कारण तिथं जीप चढत नव्हती. लाखीला जन्मात नाल ठोकलेली नव्हती. वाट मऊ मातीची, तिथं लोखंडाचं कामच काय? पण बहात्तर सालचा दुष्काळ पडला, सरकारी कामावर हजार माणसं वर्षभर दगड फोडत बसली आणि गावापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत चार मैल खडी पसरली गेली. वर मुरूम पडायचा होता, रोलर यायचा होता. मागच्या फेरीला लाखी त्या खडीवरून लंगडत परत आली होती. आता वरच्या वाड्यांत लाळखुरकत पसरली होती आणि आज फेरी चुकवून चालणार नव्हतं.

चेअरमन सुंदरराव उपरण्यानं मान पुसत बाहेर आले. "या कय्युमभाई. ठराव मंजूर झालाय. तीन विरुद्ध दोन. नाल मारायची. तुमी आटपा, आसाराम निघंल."

"विरोधात कोन हुतं?"

"एकजण म्हणला, जन्मापासून अनवाणी हाय, तशीच चालू द्या. अन् बायनाबाई म्हणल्या, आधी नालबंदाला इचारा. आता असलं मत कुठल्या रकान्यात लिहायचं? विरोधात टाकलं."

बायनाबाई कमिटीतली एकटी बाई. ती दारात उभी राहून ऐकत होती. हसली नाही.

कय्युमनं लाखीच्या मानेवर हात फिरवला आणि पुढचा उजवा पाय उचलून मांडीवर घेतला. दोन पावसाळे ओल न लागलेलं नख शिळ्या भाकरीच्या कडेसारखं तुटत होतं. बाहेरच्या कडेचा बोटभर तुकडा त्याच्या अंगठ्याखाली सुटून हातातच आला. नालेचा खिळा बसतो तो या कडेत. आत तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर जिवंत मांस असतं.

"साहेब, नख लई सुकलंय," तो म्हणाला. "दोन दिस वल्या चिखलात हुबी करा. मंग ठोकतो."

"वला चिखल?" सुंदररावांनी आजूबाजूला पाहिलं. "हितं टँकर आठ दिसांत दोनदा येतो. घागरीवरनं बाया एकमेकींच्या झिंज्या धरतेत, अन् मी घोडीचे पाय भिजवू व्हय?"

कय्युमनं नखावर पुन्हा अंगठा फिरवला.

"कावून भिता?" सुंदरराव जरा जवळ येऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "तलवाड्याचं ध्यानात हाय आमच्या."

तलवाड्यात दोन वर्षांपूर्वी एका टांग्याच्या घोड्याला त्यानं ठोकलेला खिळा आत गेला होता. घोडा पुन्हा उभा राहिला नाही. हात चुकला की नखच वाईट होतं, हे कय्युमला अजून उमगलेलं नव्हतं. रोज कामाला हात घातला की तो प्रश्न आधी येऊन बसायचा. आताही तसंच. हे नख खरंच धरणार नाही, की मलाच भीती वाटते?

सरकारी छावणीत गाईबैलांनाच चारा होता. कार्डावर घोडीचं नाव येत नव्हतं. सोसायटी तिला रोज एक कडब्याची पेंढी द्यायची ती कामापुरती. पाय गेला की लाखीला माळावर सोडून द्यायची, हे ठरावात कुणी लिहिलं नव्हतं, पण ठाऊक सगळ्यांना होतं.

त्यानं कानशीनं कड सारखी केली, नाल बेतली, खिळा लावला. पहिला ठोका हलका मारला. दुसरा तसाच. तो आवाज ऐकत होता. खिळा नीट चालला की आवाज टणक येतो. तिसऱ्या ठोक्याला आवाज फुटका आला आणि नख चर्रकन चिरलं. लाखीनं सगळं अंग मागं ओढलं. कय्युम पायाला धरून तसाच फरपटला, पण पाय सोडला नाही.

"धरा की रं!" कुणीतरी ओरडलं. आसारामनं लगाम धरला.

चीर खिळ्यापासून वर अंगठ्याच्या पेराएवढी गेली होती. कय्युमनं पकडीनं खिळा उपसला, टोक डोळ्यांजवळ धरलं, मग बोटानं पुसलं. कोरडं. रक्त नव्हतं. नखाच्या बाहेरच्या अंगाचं भोकही पाहिलं. जिथं निघायला हवं तिथंच निघालं होतं, केसभर इकडं ना तिकडं.

हात चुकला नव्हता.

तो उठून उभा राहिला. त्यानं खिळा सुंदररावांपुढं धरला. "बघा साहेब. खिळा जागेवर गेलाय. नखच धरत न्हाई. पुढच्या दोन पायांत मिळून असे अजून अकरा हायेत. ठोकले तर पायथ्याला पोचायच्या आत नाल गळंल, अन् निम्मं नख घेऊन गळंल."

"म्हंजी अनवाणी घालायची?"

"त्या खडीवर? तळवाच फुटंल."

"मंग उडत जायचं का तिनं?"

"जोडे घाला."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग हसू फुटलं. "घोडीला जोडे! अन् धोतर?"

लिंबाखाली बसलेला सटवा चांभार तंबाखू मळता मळता म्हणाला, "धोतर शिंप्याकडं. जोडे मी शिवीन."

"माझ्या बापानं निजामाच्या रिसाल्यात बांधलेले मी पायलेत," कय्युम म्हणाला. "दुखऱ्या पायाच्या घोड्याला. फकस्त पुढच्या दोन पायांना. तिथंच भार असतो. पर चामडं जाड पायजे, तेल पिलेलं. गावात असलं चामडं कुठं हाय?"

सटवानं मान हलवली. दुष्काळात जनावरं मरून कातडी उदंड झाली होती, पण सगळी वाळकी. मग बायनाबाई बोलली.

"माझी मोट हाय."

सगळे तिच्याकडं वळले. गावात एवढी मोठी चामड्याची मोट तिच्याच विहिरीवर होती. विहीर मागच्या दिवाळीलाच आटली होती, तरी ती दर महिन्याला मोटेला करडईचं तेल चोळायची.

"बायनाबाई, मोट कापली अन् उद्या पाणी लागलं तर?" सुंदररावांनी विचारलं.

"लागू तर द्या. तोंडानं उपशीन."

"ते खरं, पर ठरावात जोडे न्हाईत."

"ठरावात चीर बी नव्हती. पडली न्हवं?"

सुंदररावांचा चेहरा आवळला. "अन् ह्या जोड्यांपायी पाय गेला तर? जबाबदार कोन?"

"मी," कय्युम म्हणाला. आपण काय बोललो हे नंतर त्याच्या ध्यानात आलं. "तसं लिहा."

तसं लिहिलं गेलं. त्याखाली त्यानं उर्दूत सही केली.

सटवाला दोन तास लागले. ट्रकच्या टायरचा तळ, वर मोटेचं चामडं, आतून घोंगडीची घडी, घोट्याखाली आवळायला दोन वाद्या. तोवर कय्युमनं चिरेच्या वरच्या टोकाला कानशीनं आडवी खाच घेतली, चीर वर सरकू नये म्हणून. जोडे बांधले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पहिल्या पावलाला लाखीनं तापल्या तव्यावर पाय पडावा तसा उचलला आणि खाली टेकवेनाच. लोक हसत होते. कय्युम तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीबाही पुटपुटत राहिला. तिनं पाय टेकला. मग चालली.

तो मागं राहिला नाही. सटवाची आरी आणि दोरा खिशात घालून घोडीबरोबर निघाला.

"चाचा, तुमी कशाला?" आसारामनं खोगिरावरून विचारलं.

"सही कुनाची हाय?"

खडीवर रोजगार हमीच्या बाया दगड फोडत होत्या. त्यातली एक ओरडली, "आवं, वरात कुनाकडची म्हनायची?" कय्युमनं मान वर केली नाही. त्याची नजर दोन जोड्यांवरून हलत नव्हती. दोन मैलांवर वादी तुटून डावा जोडा फिरला. आसाराम झटकन उतरला. कय्युमनं वादी शिवली, वरून आपला रुमाल आवळला, आणि पुढं दोघंही चालू लागले. एका ठिकाणी लाखी अडखळली आणि कय्युम लगेच तिच्या पायाशी वाकला. पण तो दगडच घसरला होता.

पायथ्याला खडी संपली. पुढं तांबूस माती होती. कय्युमनं बाभळीच्या विरळ सावलीत उजवा जोडा सोडला आणि नखावर तळवा ठेवला.

गरम होतं.

आतून सूज धरली की नख असंच तापतं. पण चार मैल उन्हात तापलेलं चामडंही गरमच असणार. ही ऊब कुठली? त्याला सांगता येईना. त्यानं डावा जोडा सोडला. ते नखही गरम. मग त्यानं उजवा खूर मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांत धरून तसाच बसला.

"काय चाचा?" आसारामनं दबकत विचारलं.

"थांब."

पेटीत औषधं होती, वर जनावरं तोंडातून लाळ गाळत पडली होती. आसाराम सावली कुठवर सरली ते पाहत राहिला. लाखीनं शेपटीनं माशा वारल्या. बऱ्याच वेळानं कय्युमच्या तळव्याखालची ऊब सरायला लागली. आधी कडेला, मग मधे. त्यानं डाव्याला हात लावून पाहिलं, पुन्हा उजव्याला. दोन्ही सारखे. दोन्ही गार. चीरही खाचेपाशीच थांबली होती.

त्यानं खूर मातीवर ठेवला. लाखीनं सगळा भार टाकला आणि मान झटकली.

"हितनं वर अनवाणी ने. मातीत तिला काय बी लागत न्हाई," तो म्हणाला. "कधी येशील?"

"दिस बुडायच्या आत. जोडे सोबत देता का?"

"न्हाई. वादी पुन्यांदा शिवायचीय." कय्युमनं बाभळीला पाठ टेकली आणि आरीत दोरा ओवायला घेतला. दोनदा हुकला. "मी हितंच हाय. तिला खडीवर माझ्याबिगर घालू नगंस."