पंचाचं अडीच

पंचाचं मत असं होतं की हल्लीच्या रेसलरांना पडताच येत नाही.

हे मत तो वर्षानुवर्षं, समोरच्याला हवं असो वा नसो, ऐकवत आला होता. गिऱ्हाईक यायचं सोफ्याचं कापड निवडायला आणि जायचं रेसलिंगचा अर्धा इतिहास ऐकून. आज तो अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून फरशी पुसणाऱ्या मावशींना तेच ऐकवत होता.

"मावशी, जुना माणूस पडला ना, की पडून राहायचा. धापा टाकायचा, कंबर धरायचा. बघताना आपल्याला कळ यायची हो! आणि आताचे? उंच दोरावरून कोलांटी मारतात, दाणकन पाठीवर आपटतात आणि लगेच टुणकन उभे. वर केसही सारखे करतात. मग लागलं कुणाला?"

"पाय वर घ्या जरा," मावशी म्हणाल्या.

पंचाने पाय वर घेतले आणि तसाच बोलत राहिला. बोलणं थांबलं की काचेच्या दाराकडे नजर जायची, आणि दारापलीकडे दादा होता. त्याच्या घशात नळी होती, छाती यंत्राच्या तालावर वरखाली होत होती. डॉक्टरबाई त्याला दुसऱ्यांदा तपासायला आत गेल्या होत्या. पहिल्या तपासणीनंतर त्या म्हणाल्या होत्या की मेंदूचं काम थांबलंय. दुसरीतही तेच निघालं तर यंत्र बंद करायचं की नाही ते घरच्यांनी सांगायचं.

घरचे म्हणजे कोण, तर वहिनी आणि पंच. दादाला मूलबाळ नव्हतं आणि पंचाच्या गळ्यात कुणी माळ घातली नव्हती. वहिनी बाकाच्या दुसऱ्या टोकाला पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या. कालपासून त्या पंचाशी बोलत नव्हत्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

पंच हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी वडिलांच्या सोफ्याच्या दुकानामागे जुन्या गाद्यांचा ढीग असायचा. शाळा सुटली की गल्लीतली पोरं तिथे रेसलिंग खेळायची. दादा अंगापिंडाने भरलेला, तो कुणाशीही भिडायचा. धाकटा पडला काडीपैलवान. कुणी नुसतं मिठीत घेतलं तरी मोडेल अशी आईला धास्ती. म्हणून त्याला पंच केलं. खाली चीत झालेल्याशेजारी पोट टेकून झोपायचं आणि गादीवर हात आपटून तीन मोजायचे. तीनपर्यंत खांदा उचलला नाही तर तो हरला. काम सोपं होतं, पण या पठ्ठ्याने पहिल्या दिवसापासून त्यात लबाडी केली. दादा वर असला की एक-दोन-तीन एका दमात. दादा खाली असला की एक, मग खोकला, दोन, मग चड्डी वर ओढायची, आणि एवढं करूनही दादा उठला नाही तर हात हवेतच धरून बोंबलायचं, "अडीच!"

पोरं चिडायची. सगळ्यात जास्त चिडायचा तो दादाच. "सरळ मोज रे! हरलो तर हरलो. पंचाने कुणाच्या बाजूचं व्हायचं नसतं."

"मी पंच नंतर, तुझा भाऊ आधी," हा म्हणायचा, आणि वर टपली खायचा.

पुढे दोघे त्याच दुकानात कामाला लागले. फोम कापायचा, स्प्रिंगा बांधायच्या, रेक्झिन ताणून खिळे ठोकायचे आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर रेसलिंग लावून भांडायचं. पंचाचा जीव जुन्यांवर. त्याचा देव म्हणजे 'लोहार' नावाचा एक पिंपासारखा रेसलर, जो रिंगमधून बाहेर पडून जमाना लोटला होता. दादाला नवे आवडायचे. त्यातही चंदेरी चड्डी घालून दोरावरून उड्या मारणारा एक पोरगेला गडी. पंच त्याला 'टोळ' म्हणायचा.

"अहो, ते सगळं खोटं असतं," असं एखादं गिऱ्हाईक म्हणालं, की मात्र दोघे भाऊ एक होऊन त्याच्या अंगावर जायचे. खोटं नव्हे, ठरलेलं असतं! कोण जिंकणार ते ठरलेलं. पण पडतो तो खराच पडतो, पाठ काही भाड्याने आणलेली नसते. एवढ्या एका मुद्द्यावर त्यांचं कधी वाजलं नाही.

बाकी सगळीकडे वाजायचं. त्यातलं सगळ्यात जुनं भांडण हाताचं. पूर्वी एकजण दुसऱ्याची मान मागून आवळायचा आणि आवळलेला माणूस हळूहळू लुळा पडायचा. मग रेफरी येऊन त्याचा हात वर उचलायचा आणि सोडायचा. हात पडला, एक. पुन्हा उचलायचा. पडला, दोन. तिसऱ्यांदा पडला तर खेळ खलास. पण लोहाराचा हात तिसऱ्यांदा पडायचा नाही. तो हवेत थरथरत राहायचा, हळूच मूठ वळायची, आणि हजारो माणसं खुर्च्या सोडून उभी राहायची. पंच सोफ्यावर उभा राहायचा. नव्या रेसलरांनी हा प्रकार जवळजवळ मोडीत काढला, याचा त्याला मनापासून राग होता.

"दर वेळी तिसऱ्यांदा हात वर राहतोच," दादा म्हणायचा. "मग बघायचं कशाला?"

"राहतोच म्हणून तर बघायचं!"

काल दुपारीही असंच चाललं होतं. टीव्हीवर टोळाने उडी मारली, आपटला, उठला. पंच ओठांत खिळे धरूनच करवादला, "याला पडणं म्हणतात? अख्ख्या जगात एक माणूस दाखव मला, ज्याला धड पडता येतं!" दादा एरवी लगेच उत्तर द्यायचा. काल तो कपाळ चोळत उठला, "डोकं फार ठणकतंय रे," म्हणाला, गुडघ्यात वाकला आणि फोमच्या थप्पीवर आडवा झाला. तोंड उघडं, एक हात खाली लोंबत.

पंचाला हसू आवरेना. कारण दादाचं हे नेहमीचंच होतं. वादात मागे पडला की मेल्याचं सोंग घेऊन तो त्याच थप्पीवर पडायचा आणि पंचाने हात आपटून मोजायचं, ही त्या दुकानाची रीतच होती. पंचाने ओठांतले खिळे काढले, गुडघे टेकले आणि मोजलं. एक. दोन. अडीच. दादा उठला नाही.

"वा!" पंच म्हणाला. "याला म्हणतात पडणं. शिकव जरा तुझ्या टोळाला."

आणि तो परत खुर्चीला रेक्झिन लावायला बसला. हात चालू होते तसं तोंडही चालू होतं. लोहाराची शेवटची लढत त्याने दादाला पहिल्यापासून ऐकवली, मान कुणी आवळली, हात कसा राहिला, सगळं. खुर्चीची एक बाजू ठोकून झाली तेव्हा कुठे त्याला वाटलं की आज सोंग जरा लांबलं. दादाला गुदगुल्या मुळीच सहन व्हायच्या नाहीत. तळपायाला बोट लागलं की तो साठीचा बाप्या पोरासारखा किंचाळायचा. सोंग मोडायचा तोच एक खात्रीचा उपाय होता. पंचाने जवळ जाऊन त्याच्या तळव्यावर बोट फिरवलं. पाय हलला नाही. पुन्हा फिरवलं. मग नखाने ओरबाडलं. मग तो ओरडत रस्त्यावर धावला.

इस्पितळात वहिनींनी विचारलं होतं, "लगेच आणलं असतं तर?"

डॉक्टरबाईंना खोटं बोलता येत नव्हतं. "कदाचित," त्या म्हणाल्या. "नक्की कुणालाच सांगता येणार नाही."

वहिनी पंचाकडे वळल्या होत्या. "तुम्ही मोजत बसलात?" एवढंच म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं पंचाला रात्रभर वाटत होतं.

काचेचं दार उघडलं. डॉक्टरबाईंचा चेहरा बघून वहिनी उभ्या राहिल्या. पंच बसूनच राहिला, जणू उभं राहिलं तर ऐकावं लागेल.

"या तपासणीतही तेच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता तुम्हाला ठरवावं लागेल."

"त्याने माझा हात दाबला," पंच घाईघाईने म्हणाला. "सकाळी. आईची शपथ! रिंगमध्ये कुणाला खरंच लागलं ना, की रेफरी गुपचूप त्याचा हात दाबतो. तो ठीक असला तर उलटा दाबतो. खूण असते ती. दादाला माहीत आहे. मी दाबला, त्याने उलटा दाबला."

"बोटं तशी आवळली जातात," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "ती नुसती नसांची हालचाल असते. त्यांनी आवळलेली नसतात."

"तुम्हाला नाही ठाऊक बाई, हा किती वेळ पडून राहू शकतो!" पंच हसला, आणि ते हसणं मध्येच फाटलं. "उद्यापर्यंत थांबा. एक दिवस. पाया पडतो तुमच्या." तो खरोखरच वाकला. डॉक्टरबाई मागे सरकल्या.

वहिनींनी त्याच्या दंडाला धरलं. "आम्ही दोघं आत जाऊन येतो," त्या म्हणाल्या.

आत थंडी होती. दादाची दाढी एका दिवसात वाढली होती आणि तो मुळीच मेल्यासारखा दिसत नव्हता. फोमच्या थप्पीवर दिसायचा तसाच दिसत होता. पंच पलंगाशी उभा राहिला आणि त्याला सगळ्यात जास्त भीती या गोष्टीची वाटली, की इथे कुणी काहीच ठरवलेलं नव्हतं. मागे कुठल्या खोलीत बसून, हा तिसऱ्यांदा उठेल, असं कुणी म्हटलेलं नव्हतं. आणि ज्याने वेळेवर हाक मारायची, तो लोहाराच्या गोष्टी सांगत बसला होता.

"वहिनी, एकदा बघू द्या मला."

"काय?"

"हात."

वहिनींनी रेसलिंग कधी धड बघितलं नव्हतं, पण लग्न होऊन आल्यापासून ताटावर हे भांडण ऐकलं होतं. त्यांना समजलं. त्यांनी नुसती मान हलवली.

पंचाने दादाचा उजवा हात मनगटाशी धरला, वर उचलला आणि सोडला. हात चादरीवर पडला.

"एक," पंच म्हणाला.

पुन्हा उचलला. या वेळी जरा जास्त वर नेला, जास्त वेळ दिला. पडला.

"दोन."

तिसऱ्यांदा उचलला आणि त्याला तो सोडवेना. हात गरम होता. रेक्झिन ओढून ओढून अंगठ्याजवळ पडलेला घट्टा हाताला लागत होता, हातोडी बसून काळं झालेलं नख अजून पुरतं उतरलं नव्हतं. तो दोन्ही हातांनी ते मनगट हवेत धरून उभा राहिला. त्याचे खांदे भरून आले, मान घामाने ओली झाली, तरी त्याने धरून ठेवलं.

"अडीच," तो म्हणाला. मग रडत म्हणाला, "वहिनी, अजून अडीचच झालेत."

वहिनी पलंगाला वळसा घालून त्याच्याजवळ आल्या. त्यांनी त्याचे हात सोडवले नाहीत.

"भाऊजी, त्यांना तुमचं अडीच आवडायचं नाही," त्या म्हणाल्या. "मला सांगून हसायचे. म्हणायचे, हा गडी आपल्यावर एवढी माया करतो, पण एकदा तरी सरळ मोजेल तर शपथ."

"मी मोजलं नसतं ना काल..."

"काल गेलं आता," वहिनी म्हणाल्या. "ते काही मी विसरणार नाही, आणि तुम्हीही नाही. पण आता त्यांना असं लोंबकळत नका ठेवू. सरळ मोजा."

मूठ वळते का म्हणून पंचाने दादाच्या बोटांकडे बघितलं. तेवढं बघायचा हक्क त्याला होता. जितकं बघता आलं तितकं त्याने बघून घेतलं. मग त्याने दोन्ही हात उघडले.

दादाचा हात चादरीवर पडला आणि पडूनच राहिला.

"तीन," पंच म्हणाला.

वहिनी डोळे पुसून डॉक्टरबाईंना बोलवायला गेल्या. दादाच्या पायांवरचं पांघरूण सरकलं होतं. पंचाने ते ओढून नीट केलं, दोन्ही बाजूंनी खोचलं, आणि खोचताना आपलं बोट त्याच्या तळव्याला लागू नये म्हणून फार जपलं.