मलापण

थोरलीच्या पोटात दुखत होतं, आणि ते काही औषधाने थांबणारं दुखणं नव्हतं. नगरपालिकेत ती संगणकाचं काम करायची. रात्रीचा दिवस करून तिने तक्रारींची प्रणाली बांधली होती. रस्ता, नळ, गटार, दिवा, काय असेल ते घरबसल्या कळवा. कळवलं कुणी? कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. आणि धाकटीने, जिला या विद्येचा ओनामा थोरलीनेच शिकवला, तिने सुट्टीत बसल्या बसल्या एक ॲप केलं. खड्ड्याचा फोटो टाकायचा. शेजाऱ्यालाही तोच खड्डा छळत असेल, तर त्याने फक्त 'मलापण' हे बटण दाबायचं. झालं, अख्खं गाव दाबत सुटलं.

आईसुद्धा. "तुझ्यातलं मला काही कळत नाही बाई. धाकटीचं कसं, एकदा दाबलं की काम झालं," असं थोरलीच्या तोंडावर म्हणाली. सख्ख्या आईने असं म्हणावं? थोरली भरल्या ताटावरून उठली.

मग पालिकेत बैठक झाली. तक्रारी घ्यायला पालिकेला दोन्हींतलं एकच ठेवायचं होतं. थोरलीने तिथे बहिणीच्या ॲपची पार सालटी काढली. "बटण कोणी दाबलं, तो इथे राहतो का, घर कुठलं, कशाचा पत्ता नाही. उद्या कुणीही उठेल आणि दाबत बसेल." यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर मेख. साहेबांनी मान डोलावली आणि धाकटीचं ॲप बंद झालं. ती एवढंच म्हणाली, "बरोबर आहे ताईचं." ते थोरलीला जास्तच झोंबलं.

पुढे थोरलीच्या प्रणालीत धडाधड तक्रारी येऊ लागल्या. साहेबांनी चहा पाजला. थोरलीला स्वर्ग दोन बोटं उरला. मग एका दुपारी तिने सहज उघडून बघितलं, तर तक्रारदार वेगवेगळे, पण अर्ज भरणारीचं नाव सगळीकडे एकच. धाकटीचं.

ती तडक बहिणीकडे गेली. दारात माणसं ताटकळत बसली होती. आत धाकटी एका म्हातारबांचा अर्ज भरत होती आणि ते म्हणत होते, "तुझे उपकार गं पोरी." प्रणाली कुणाची आणि उपकार कुणाचे! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ताई, बरी आलीस," धाकटी म्हणाली. मनात काही ठेवून बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं. "हा मालमत्ता क्रमांक लागतोच का गं? सगळे इथेच अडतात. आता आजोबांना कागद शोधायला परत जिने चढून घरी जावं लागेल."

लागत नव्हता. तो रकाना पुढे कुठेच वापरला जात नव्हता. अर्ज भारदस्त दिसावा म्हणून थोरलीनेच तो घुसडला होता, आणि काढायचा म्हटलं तर चुटकीसरशी निघाला असता. हे एकट्या तिलाच माहीत होतं.

म्हातारबा दोघींकडे आळीपाळीने बघत होते.

"लागतोच," थोरली म्हणाली.

"बरं. चला आजोबा, मीच येते शोधायला," म्हणत धाकटी उठली, आणि म्हातारबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.