प्लॅस्टिकची कुठली बाजू

घरमालक मुटालेम्वा एक नंबरचा कंजूष, हे अख्ख्या बुकोबा शहराला ठाऊक. त्यामुळे त्याची भाडेकरू केमिलेम्बे म्हणाली, "मिस्त्रीकाका, भिंतीला पाणी सुटलंय, पोरीचा खोकला थांबत नाही," तेव्हा माझं डोकंच सणकलं. दोन वर्षांची असिम्वे. छातीत नुसती घरघर, आणि खाटेमागची भिंत बुरशीनं काळी.

मुटालेम्वाला मी भर बाजारात गाठलं. "पाया कच्चा ठेवलास आणि म्हणतोस, भाडेकरूंमुळे ओल येते? दाखवतोच तुला. मग सगळा गिलावा नवा करून द्यायचा, कबूल?"

"कबूल. आणि तोंडावर पडलास तर?"

"पडतोय मी!"

वीतभर प्लॅस्टिक घेतलं, केमिलेम्बेच्या खाटेमागच्या भिंतीवर चिकटपट्टीनं चारी बाजूंनी घट्ट बसवलं. पाणी प्लॅस्टिकच्या मागे साचलं तर ओल भिंतीतली, म्हणजे पाया कच्चा. पुढे साचलं तर घरातलीच वाफ.

तिसऱ्या दिवशी मुटालेम्वाला सोबत घेऊनच गेलो. प्लॅस्टिकवर पाणी होतं, पण पुढच्या बाजूला. काढून बघितलं तर मागे ठणठणीत कोरडं. गिलाव्यात खिळा खुपसला, तर कोरडी भुकटी सांडली.

"बोला की आता, मिस्त्री!" मुटालेम्वा खिदळला. मेल्याचं थोबाड फोडावंसं वाटलं.

"पोरी, आत शिजवतेस का गं?" मी केमिलेम्बेला विचारलं.

"छे! चूल बाहेर आहे."

"कपडे वाळवतेस?"

"शेजारणीच्या पडवीत."

तेवढ्यात खाटेखालचं पातेलं दिसलं. त्यात निलगिरीचा उकळलेला पाला, शेजारी दमट घोंगडी.

"वाफ देते तिला," ती म्हणाली. "वारा लागू नये म्हणून दार-खिडकी लावून घेते. आधी दिवसातून एकदा द्यायची. खोकला वाढला, तशी चारदा द्यायला लागले."

मुटालेम्वाचं हसू मावळलं. तो खाली बघू लागला.

"पाया कच्चाच आहे ना, काका?" तिनं विचारलं.

हो म्हणावं असं फार वाटलं. जीभ रेटेना.

"नाही गं. ही ओल वाफेची. त्यानं बुरशी धरली, आणि तीच तिच्या छातीत जातेय. तुला कुठून कळणार? खिडकी उघड. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ."

तिनं खिडकी उघडली. असिम्वेला ढास लागली. केमिलेम्बेचा हात सवयीनं घोंगडीकडे गेला आणि तिथंच थांबला.

"मग दवाखान्यात पोचेपर्यंत," ती म्हणाली, "हिला मी काय देऊ, काका?"