दोन पोंग्यांची राखण

सव्वीस वर्षं लसावि शिकवून ठोंबरे गुरुजी पार विटले होते. त्यात भाताचा दाणा भरला की खालापूरच्या डोंगरालगतची ती शाळा ओस पडे. पोरं शेतावर पाखरं राखायला जात. यंदा चिंधीही गेली. सातवीच्या फायनलला बसणारी ठाकरांच्या वाडीतली ती पहिलीच मुलगी. ती बसली नाही तर आपली सगळी हयात पाण्यात गेली, असं गुरुजींना वाटे.

शेवटी ते उरलेली सहा पोरं घेऊन तिच्याच शेतावर गेले. "पाखरं हाकायला माणूस लागू नये, असं कायतरी करा," म्हणाले आणि बांधावर टेकले.

पोरांनी बांबूचा पोंगा, म्हणजे एका टोकाला उघडं नळकांडं, मधोमध खुंटीवर अडकवला, त्याच्या तोंडात ओहोळाची धार सोडली. तोंड भरलं की पोंगा कलंडावा, ओतून हलका झाला की त्याचं शेपूट मागं रॉकेलच्या डब्यावर आपटावं, असा बेत. पोंगा कलंडला तो उठेचना. चिंधीनं खुंटी दोन बोटं तोंडाकडं सरकवली, आणि डबा वाजला.

तासाभरात पोपट पुन्हा येऊन बसले.

"त्यांना बी पाढा पाठ झाला, गुरुजी," चिंधी म्हणाली. तिनं ताल मोडायला दुसरा, लहान पोंगा तासला. मोठा साठ अंक मोजले की वाजे, लहान चाळीसला.

"दोनी एकदम कवा वाजतील गं?" गुरुजींनी विचारलं.

"एकशेवीसला."

सव्वीस वर्षांत लसावि पहिल्यांदाच कुणाच्या कामी आला होता.

पुढं चार दिवस पाखरं शेतात फिरकली नाहीत, आणि चिंधीही शाळेत फिरकली नाही. पाचव्या दिवशी ती दारात उभी राहिली. कडेवर धाकटा भाऊ.

"बा म्हनला, राखणीतनं सुटलीस, आता याला सांभाळ. आय मोळी इकायला जाते." मग म्हणाली, "गुरुजी, याच्यासाठी बी कायतरी करू या?"

गुरुजींच्या अंगात आता काही नवं करायचं त्राण नव्हतं. ते खुर्चीतून उठले आणि हात पुढं केले.

"दे इकडं. तू वही काढ."

पोरानं आधी भोकाड पसरलं, मग गुरुजींचं धोतर भिजवलं. गुरुजी तसेच बसून राहिले. फायनलला अजून सहा महिने होते.